रोकड वळली तेव्हा : हिंगोलीच्या बाजारपेठेची पंचवीस वर्षं

हिंगोलीचा बाजार लष्कराच्या आधाराने वाढला. निजामाच्या राज्यात इंग्रजांच्या देखरेखीखाली ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज होती आणि एकोणिसाव्या शतकात तिची एक महत्त्वाची छावणी इथे होती. रिसाला बाजार, तोफखाना, पलटण ही शहरातल्या भागांची नावं त्या छावणीचीच. घोडदळाला दाणा-वैरण लागे, शिपायाला कापड आणि किराणा लागे, साहेबाला चैनीचा माल लागे. पगार ठरल्या वेळी होई, त्यामुळे दुकानदाराला पैसे बुडण्याची धास्ती कमी. शहराचा प्रसिद्ध दसराही याच काळातला. खाकीबाबा मठाच्या पुढाकाराने १८५५ साली तो सुरू झाला, असं परंपरा सांगते. पुढे रामलीला मैदानावर भरणारं दसऱ्याचं प्रदर्शन म्हणजे खेड्यापाड्यांतल्या माणसांची वर्षातली एक मोठी खरेदी ठरली.

१९०३ साली कंटिन्जंट फौज मोडीत निघाली आणि छावणी उठली. पगाराचं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं तर बाजार बसायला हवा होता. तो बसला नाही, कारण तोवर कापूस आला होता. हैदराबाद संस्थानाच्या तेव्हाच्या गॅझेटियरमध्ये हिंगोलीची नोंद कापसाची पेठ म्हणून आहे. १९१२ साली पूर्णेहून रेल्वे आली आणि गाठींना वाट मिळाली. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी मुलूख. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. मधे करोडगिरीचा नाका, तिथे मालावर जकात. दोन राज्यांच्या आणि दोन नाण्यांच्या सीमेवर बसलेल्या या बाजाराला व्यवहाराची जाण फार लवकर आली.

या बदलात पुढच्या शंभर वर्षांचं बीज होतं. शिपायाला दर महिन्याला पगार मिळतो, शेतकऱ्याच्या हातात वर्षातून दोनदा पैसा येतो आणि पोटाला, अंगाला मात्र बारा महिने लागतं. मधली पोकळी उधारीने भरायची. हिंगोलीची बाजारपेठ या उधारीवर उभी राहिली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ती का खिळखिळी झाली, हे समजून घ्यायचं तर मोबाइलच्या पडद्याकडे पाहण्याआधी मोंढ्याकडे पाहावं लागतं.

मोंढा म्हणजे मराठवाड्यातली धान्याची आडतपेठ. शेतकरी माल घेऊन येई, सौदा होई, हमाल काटा करीत, आडत्या हमाली-तोलाई वजा करून पट्टी हातात देई आणि तिथल्या तिथे रोख मोजून देई. धोतराच्या सोग्यात किंवा बंडीच्या आतल्या खिशात नोटा ठेवून माणूस बाजाराकडे निघे. आधी कृषी केंद्रवाल्याचं बी-खताचं खातं. मग किराणा दुकानदाराचं. मग कापडवाल्याचं, मागच्या लग्नातली राहिलेली बाकी. एवढं देऊन उरलं तर पोरांना कपडे, बायकोला पातळ, घराला एखादं भांडं, आणि संध्याकाळच्या एसटीने परत. पैसा मोंढ्यातून निघून एका दिवसात सगळा बाजार फिरून येई. मंगळवारी आठवडी बाजार असला की ही वर्दळ दुप्पट. दिवाळीला लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजली जाई, पण जुन्या वहीतली बाकी तिच्यात उतरवूनच.

या व्यवहाराचा सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे बस्ता. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून कापड दुकानात येत. पाच-पंचवीस जण, म्हातारी माणसं, कडेवर लेकरं. दुकानात पांढरी गादी अंथरलेली. चपला पायरीशी काढायच्या, लोडाला टेकायचं. पहिला चहा झाल्याशिवाय कापडाला हात लागत नसे. नवरीचा शालू आधी, कुंकू लावून. मग नवऱ्याचा पोशाख, मग मानाची लुगडी, आत्याचं वेगळं, मामीचं वेगळं, करवल्यांचं वेगळं. शेवटी टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे, कारण आहेर कुणाला चुकवायचा नाही. दुकानाचा जुना नोकर प्रत्येक घराची ऐपत ओळखून असे आणि कोणता गठ्ठा सोडायचा, कोणता दाखवायचाच नाही, हे त्याला न सांगता कळे. दुपारचं जेवण दुकानदाराकडून. घासाघीस संध्याकाळपर्यंत. निम्मे पैसे आत्ता, निम्मे हळद विकल्यावर. वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, सगळीकडे हीच रीत. वसमत आणि हिंगोली या हळदीच्या मोठ्या पेठा. हळद बाजारात येते मार्च ते मे या महिन्यांत, आणि लगीनसराईही तेव्हाचीच. हा मेळ सगळ्या कापडबाजाराचा आणि सराफ्याचा आधार होता.

हा काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असे आणि तो किती चढा, हे वही न वाचता येणाऱ्याला कळत नसे. ज्याची बाकी थकली त्याला दुकानाच्या पायरीवर, चारचौघांत ऐकून घ्यावं लागे. बाईमाणसाला आतले कपडे पुरुष दुकानदारासमोर मान खाली घालून मागावे लागत. गरिबाला आणि खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाला गादीवर बसवण्याची तत्परता सगळ्याच दुकानांत नव्हती. हे लक्षात ठेवलं तरच पुढे लोक पार्सलकडे का वळले, ते समजतं.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि बाजाराला पुन्हा पगाराचं गिऱ्हाईक मिळालं. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस मुख्यालय, न्यायालयं, त्यांचे कर्मचारी, त्यांची घरं. शंभर वर्षांपूर्वी छावणीने जे दिलं होतं, ते जिल्ह्याच्या ठिकाणाने दिलं. जवाहर रोड, गांधी चौक या जुन्या भागांबाहेर नांदेड आणि अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाळे उठले. रेडिमेड कपडे, चपला-बूट, टीव्ही-फ्रीज, भेटवस्तू आणि पुढे मोबाइल यांची दुकानं निघाली. त्यांत पहिल्या पिढीचे दुकानदार पुष्कळ होते. शेतकऱ्याची शिकलेली मुलं, नोकरी न लागलेले डी.एड.वाले. डिपॉझिट भरून, बँकेचं कर्ज काढून त्यांनी शटर उघडलं. जुन्या पेढ्यांकडे स्वतःची जागा होती, दोन-तीन पिढ्यांची खाती होती. या नव्यांकडे दोन्ही नव्हतं. त्यांची सारी मदार रोखीच्या गिऱ्हाइकावर, म्हणजे पगारदार आणि कॉलेजच्या पोरांवर. पुढे फटका बसला तो आधी यांना, याचं कारण इथे आहे.

पहिली गळती ऑनलाइनची नव्हतीच. रस्ते सुधारले, पूर्णा–अकोला मार्ग २००८ च्या सुमारास मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि नांदेड जवळ आलं. मोठी खरेदी नांदेडला, किरकोळ हिंगोलीत, अशी वाटणी सुरू झाली. तरी पैसा निदान मराठवाड्यातच फिरत होता.

बंगळुरात सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ साली फ्लिपकार्ट सुरू केलं ते पुस्तकं विकायला. त्याचा हिंगोलीशी काही संबंध येईल असं तेव्हा कुणाला वाटलं नसेल. क्रेडिट कार्ड इथे मोजक्यांकडे होतं. पण २०१० साली फ्लिपकार्टने माल दारात आल्यावर पैसे द्यायची सोय काढली आणि अडसर निघाला. जून २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन भारतात आलं. २०१४ च्या फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो जी आणि जुलैत शाओमीचा एमआय ३ हे फोन फक्त फ्लिपकार्टवर विकायला ठेवले गेले. बाजारातल्या कोणत्याही दुकानात ते फोन मिळणारच नव्हते. भावात हरणं वेगळं, आणि माल हातातच न येणं वेगळं. मोबाइल दुकानदाराला आपण हरलो, हे सगळ्यांत आधी कळलं. त्याच्याकडे उरलं रिचार्ज, कव्हर, काच बदलणं आणि ऑनलाइन घेतलेल्या फोनची दुरुस्ती.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ झाला. दसरा होऊन तीनच दिवस उलटले होते आणि दिवाळी तोंडावर होती. पुढे दरवर्षी या कंपन्यांचे मोठे सेल दसरा-दिवाळीच्या दिवसांत येत राहिले. देशभरच्या सणांचा हिशेब करून त्यांनी ते दिवस निवडले. हिंगोलीच्या दृष्टीने मात्र हेच सोयाबीनचा पैसा हातात येण्याचे दिवस. नव्वदच्या दशकापासून सोयाबीनने इथे कापसाची जागा घेत आणली होती. हे पीक दसऱ्याच्या आसपास निघतं. वर्षातून दोनदा भरणाऱ्या ओंजळीपैकी एक ओंजळ अशी ऐन भरतीच्या वेळी दुसरीकडे कलंडू लागली.

याच सुमारास पावसाने दगा दिला. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दुष्काळाची वर्षं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, इतकी मराठवाड्याची दैना. हिंगोलीच्या दुकानांतल्या वह्या थकबाकीने फुगल्या. ऑनलाइनने बाजार मारला असं आज सरसकट म्हटलं जातं, पण ज्या बाजारावर ते आलं त्याची ताकद आधीच दोन दुष्काळांनी खाल्ली होती.

मग २०१६ चं ते वर्ष. ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि इंटरनेट जवळजवळ फुकट झालं. शहरापुरता असलेला पडदा तांड्या-वस्त्यांपर्यंत पोचला. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. सोयाबीन नुकतं मोंढ्यात येत होतं, आणि मोंढा रोखीवर चालत होता. सौदे अडले, बाजार समित्यांचे व्यवहार काही काळ ठप्प झाले. त्यानंतर आडत्यांनी चेक आणि बँकेतल्या जमेचा रस्ता धरला. व्यवहार स्वच्छ झाला, शेतकऱ्याला नोंद मिळाली, हे चांगलंच. पण पट्टीचे पैसे मोंढ्याच्या दारात हातात न पडता चार दिवसांनी गावच्या बँकेत पडू लागले. सोग्यात नोटा बांधून बाजारभर फिरणारा माणूस आता रिकाम्या हाताने गावी परतू लागला. मोंढा आणि बाजारपेठ यांना जोडणारी वाट इथे तुटली. नोटाबंदीची चर्चा झाली ती रांगांची आणि काळ्या पैशाची. तालुक्याच्या बाजारपेठेवर तिचा सर्वांत खोल परिणाम मला या तुटलेल्या वाटेत दिसतो. खात्यातला पैसा मोबाइलवरून खर्च करायला तितकाच सोपा, आणि दुकानदाराची बाकी समोर उभा राहून मागणारा माणूस मधे नाही.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. त्यातली एक तरतूद लहान दुकानदाराच्या मुळावर आली, तिच्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला (२०१९ पासून मालाच्या व्यापाऱ्याला चाळीस लाखांपर्यंत) नोंदणीची सक्ती नव्हती. पण ऑनलाइन विकायचं म्हटलं की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. म्हणजे वसमतच्या एखाद्या लहान साडीवाल्याने कंपनीच्या साइटवर चार साड्या टाकायच्या म्हटल्या तर आधी जीएसटी क्रमांक, विवरणपत्रं, अकाउंटंटची फी. सुरतेचा मोठा व्यापारी त्या साइटवरून हिंगोलीत विकू शकत होता. हिंगोलीचा छोटा दुकानदार शेजारच्या जिल्ह्यात विकू शकत नव्हता. राज्यांतर्गत विक्रीपुरती ही अट शिथिल झाली ती १ ऑक्टोबर २०२३ पासून. सहा वर्षांत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

२०१८ च्या मे महिन्यात वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. व्यापारी संघटनांनी देशभर निषेध केला, सरकारने डिसेंबरात परदेशी भांडवलाच्या ई-कॉमर्स कंपन्यांवर नवे निर्बंध जाहीर केले आणि ते १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिलं जातं, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉन या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. हिंगोलीच्या दुकानदाराला या लढाईतून हाती काही लागलं नाही. त्याच्यासमोर वेगळंच घडत होतं. २०१५ साली सुरू झालेल्या मीशोने घरबसल्या बायकांना विक्रेत्या बनवलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत साड्यांचे, कुर्त्यांचे फोटो फिरू लागले. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, शेजारची वहिनी ऑर्डर घेऊ लागली. दुकानाचा चढा भाव आणि नजर दोन्ही टळले. पसंत नाही पडलं तर परत, आणि परत करताना कुणी तोंड वाकडं करत नाही. गिऱ्हाईक बाईने दुकान सोडलं याबद्दल तिला दोष देता येत नाही.

आणि मग आले दोन पाडवे.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. हळद मोंढ्यात यायची वेळ, बस्त्यांचे मुहूर्त लागायची वेळ. दुकानांत लगीनसराईचा माल भरून ठेवलेला, ठोक व्यापाऱ्यांची बिलं डोक्यावर. एप्रिलअखेरीस राज्य राखीव पोलीस दलाचे बंदोबस्तावरून परतलेले अनेक जवान बाधित निघाले आणि हिंगोलीचं नाव राज्यभरच्या बातम्यांत आलं. धास्ती आणखी वाढली. १५ एप्रिलच्या केंद्राच्या सूचनांमध्ये ई-कॉमर्सला मोकळीक होती. व्यापाऱ्यांनी ओरड केल्यावर १९ तारखेला ती जीवनावश्यक वस्तूंपुरती मर्यादित झाली. लग्नं पन्नास माणसांत. बस्ता कुणासाठी बांधायचा?

दुकानदारांनी ते वर्ष कसंबसं काढलं आणि पुढच्या हंगामावर आशा ठेवली. २०२१ च्या मार्चच्या पहिल्याच आठवड्यात जिल्ह्यात संचारबंदी लागली. ५ एप्रिलपासून ‘ब्रेक द चेन’च्या राज्यव्यापी आदेशाने जीवनावश्यक नसलेली दुकानं बंद झाली, मात्र त्याच आदेशात ई-कॉमर्सला सकाळी सात ते रात्री आठ मुभा होती. बंद शटरसमोरून पार्सलची बॅग घेतलेली मोटारसायकल जाताना पाहणं, याची चीड व्यापाऱ्यांच्या मनात अजून आहे आणि ती रास्त आहे. आठवड्याभराने, १३ एप्रिलला, आणखी कडक निर्बंधांची घोषणा झाली आणि ई-कॉमर्सही जीवनावश्यक वस्तूंपुरतं आलं. १३ एप्रिलला पुन्हा पाडवाच होता. लग्नं आता पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायची. हळदीचे दोन हंगाम, लग्नाच्या दोन सराया, लागोपाठ बुडाल्या. भाड्याच्या गाळ्यातल्या, कर्जावर उभ्या असलेल्या दुकानाला एवढं पुरेसं होतं.

टाळेबंदी उठली तेव्हा सवयी बदललेल्या होत्या. पार्सल मागवायला कचरणारी पिढीही दोन वर्षांत शिकली होती. किराणा, सराफा, हार्डवेअर आणि कृषी सेवा केंद्रं टिकली. किराण्यात नफा थोडा आणि वाहतूक महाग. सोनं लोक डोळ्यांनी पाहून, वजन करून घेतात. बी-खत परवान्याचं आणि उधारीचं. मोडले ते रेडिमेड, चपला-बूट, मोबाइल, भेटवस्तू, काही प्रमाणात पुस्तकं आणि घरगुती विजेची उपकरणं. म्हणजे नेमका तो भाग, जो जिल्हा झाल्यावर नव्या पोरांनी उभा केला होता. कापडाच्या जुन्या पेढ्या तगल्या, पण बस्ता आटला. शालू दुकानातून, बाकीच्या साड्या मोबाइलवरून, अशी फाळणी झाली.

सगळ्यांत जाचक बदल गल्ल्याच्या मागे बसल्याशिवाय दिसत नाही. देशाच्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा अंदाजे दहा टक्क्यांच्या आतच आहे. एवढ्याशा वाट्याने बाजार मोडतो कसा, असा प्रश्न शहरातला माणूस विचारतो. उत्तर असं, की तो वाटा रोखीचा आहे. पगार झाला, सोयाबीनचे पैसे जमा झाले, पीएम-किसानचे दोन हजार आले, की त्यातला खर्च करण्याजोगा पैसा पार्सलवर जातो. हात रिकामा झाला, पाऊस लांबला, घरात आजारपण आलं, की तोच माणूस दुकानात येऊन ‘लिहून ठेवा’ म्हणतो. पूर्वी रोखीचा नफा उधारीची जोखीम पेलत होता. आता दुकानदाराकडे जोखीम उरली आणि नफा ऑनलाइन कंपन्यांच्या भिवंडीतल्या गोदामातून वाहणाऱ्या मालाबरोबर गेला. म्हणून एकेक दुकानदार उधारी बंदची पाटी लावतो आहे. त्या पाटीची झळ बसते ती ज्याला बँक दारात उभं करत नाही अशा भूमिहीनाला आणि कोरडवाहू शेतकऱ्याला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि तिच्यातले जेमतेम १५ टक्के शहरी. उरलेल्यांच्या अडचणीचा सावकार, चांगला किंवा वाईट, दुकानदारच होता. त्याची जागा आता मोबाइलवर कर्ज देणारी अ‍ॅप आणि आठवडी हप्त्याच्या फायनान्स कंपन्या घेत आहेत. त्यांच्या वसुलीला दुष्काळ कळत नाही.

दुकानातल्या नोकरांचं काय झालं, याची नोंद कुठेच नाही. कापड दुकानात पंधरा-वीस वर्षं गठ्ठे उलगडणारा माणूस कामगार म्हणून कोणत्याच कागदावर नसतो. त्याची तरुण मुलं पार्सल वाटण्याच्या कामावर लागली. नगावर पैसे, पेट्रोल स्वतःचं. २०१५ पासून अ‍ॅमेझॉनने आणि पुढे फ्लिपकार्टने लहान दुकानांनाही पार्सल ठेवायला, पोचवायला जोडून घेतलं. दुकानाच्या कोपऱ्यात दुसऱ्याच्या विक्रीचा ढीग, त्यावर नगामागे कमिशन. काहींचं भाडं त्यातून निघतं.

माल उलट दिशेनेही जाऊ लागला आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बचत गट आणि शेतकरी कंपन्या हळद पावडरीची पाकिटं ऑनलाइन विकतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, राखीच्या तोंडावर, लाडकी बहीण योजनेचे पहिले तीन हजार रुपये बायकांच्या खात्यांत जमा झाले आणि नंतर महिन्याला पंधराशे येऊ लागले. शेतीचा पैसा सहा महिन्यांनी येतो; हा दर महिन्याला येतो, बाईच्या नावावर येतो, आणि तो कुठे खर्च करायचा हे पुष्कळ घरांत तीच ठरवते. छावणीनंतर आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांनंतर, महिन्याच्या महिन्याला पैसा हाती असणारं हे हिंगोलीच्या बाजाराला मिळालेलं तिसरं गिऱ्हाईक. काही कापड दुकानदारांनी तिच्यासाठी काउंटरवर बायका नेमल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला सुरुवात केली, माप चुकलं तर बदलून द्यायची पाटी लावली. पाचशे-सातशे रुपयांच्या साडीवर त्यांची लढत थेट मीशोशी आहे.